नॉर्बच्या शेतावरून काढलेली चित्रं

रोझान व्हर्कॅम्प माझ्या सहावीच्या वर्गात होती. एकदा तिला गणितात वीसपैकी वीस मिळाले. मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, चौदावं गणित मला येत नव्हतं. मी अंदाजाने लिहिलं. एक मार्क कापा."

मी म्हटलं, "उत्तर बरोबर आहे ना? मग राहू दे."

ती जागची हलेना. शेवटी मी मार्क कापला, तेव्हा कुठे ती डबा खायला गेली.

त्याच वर्गात डेल क्रॅमर होता. तो पेपर सगळ्यांच्या आधी द्यायचा. मुलगा मनाने मोकळा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण लिहिलेलं परत म्हणून वाचायचा नाही. आज तो तळावर रोझानचा साहेब आहे. आमच्या लिंडर गावात हे असंच असतं. ज्यांच्या वह्या मी तपासल्या तीच माणसं आता एकमेकांच्या फाइली तपासतात.

तळ म्हणजे गावाबाहेरच्या जंगलातला लष्करी तळ. तिथे लढाई कोणी करत नाही, लढाईच्या वस्तू तपासतात. रोझान तिथे एकतीस वर्षं आहे. आधी ती पेट्यांवरचे शिक्के तपासायची, मग उपकरणं तपासू लागली, आणि गेली सहा वर्षं ती माणसं तपासते.

ते कसं, हे मला तिनेच समजावून सांगितलं. हल्ली शत्रू कुठे आहे ते मशीन शोधतं. आकाशातून घेतलेलं चित्र पाहतं आणि सांगतं, हा रॉकेटचा गाडा, ही सैनिकांची बराक. पण मारायचं की नाही ते मशीनने ठरवायचं नाही, असा नियम आहे. त्यासाठी खुर्चीवर एक माणूस बसवलेला असतो. त्याने चित्र पाहायचं आणि दोनपैकी एक बटण दाबायचं, ‘हो’ किंवा ‘थांब’. त्याला वेळ किती मिळतो हे सांगायची रोझानला परवानगी नाही. मी एकदा विचारलं, "‘आमच्या स्वर्गातल्या बापा’ म्हणून होईल, एवढा तरी?" ती म्हणाली, "अर्धी प्रार्थना होईल, बाई."

तर तो खुर्चीवरचा माणूस खरोखर पाहून ठरवतो, की मशीन म्हणतंय म्हणून ‘हो’ दाबत सुटतो, हे रोझानने तपासायचं. त्यासाठी खऱ्या चित्रांमध्ये मधूनच एखादं फसवं चित्र घालायचं. मशीन सांगणार रॉकेटचा गाडा, आणि असणार भलतंच काही. माणसाने ‘थांब’ दाबलं तर ठीक. सगळी चाचणी झाली की दाखला निघतो: या यंत्रणेवर माणसाचा ताबा पुरेसा आहे. खाली सही. पूर्वी सहीच्या जागी ऑफिसचा शिक्का असायचा. रोझानने दोन वर्षं भांडून तिथे माणसाचं नाव लिहायला लावलं. तिचं म्हणणं होतं, शिक्क्याला कोणी जाब विचारत नाही. तेव्हापासून त्या रेघेवर तिचंच नाव असतं.

या वर्षी जी यंत्रणा आली होती ती समुद्रापार जायची होती, लगेच. फसवी चित्रं खरं म्हणजे त्याच मुलखातली हवीत. पण परमुलखातली चित्रं मागवायची तर तीन ऑफिसांच्या परवानग्या लागतात, आणि मागच्या खेपेला त्या मिळायला सात महिने लागले होते. चाचणी फेब्रुवारीत संपवायचीच होती.

डेल म्हणाला, "रोझान, तुझ्या भावाचं शेत आहे की."

म्हणून तळाचं ड्रोन दोन दिवस नॉर्ब व्हर्कॅम्पच्या शेतावर फिरलं. नॉर्ब हा रोझानचा थोरला भाऊ. मका पिकवतो आणि टर्की पाळतो, म्हणजे खाण्यासाठी पोसलेले कोंबडीहून मोठे पक्षी. त्याच्या अंगणात ऑगर उभा असतो, म्हणजे ट्रकमधला मका पत्र्याच्या उंच कोठीत चढवायची लांब नळी, चाकांवर तिरपी उभी केलेली. वरून पाहिलं तर हुबेहूब रॉकेटचा गाडा. मशीनला मुद्दाम फसवावं लागलंच नाही, ते आपणहून फसलं. टर्कीच्या लांबट शेडना ते बराकी म्हणालं आणि खताच्या पांढऱ्या टाक्यांना इंधनाचा साठा. रोझान खूश झाली. इतकी चांगली फसवी चित्रं तिला कधी मिळाली नव्हती.

नॉर्ब चर्चच्या दारात सगळ्यांना सांगत सुटला, "माझ्या टर्की आता सरकारी नोकरीत आहेत. पेन्शन लागू झाली की कळवतो."

खुर्चीवर बसायला तळावरचीच माणसं घेतली. गोदामातली, गेटवरची, राखीव दलातली. सगळी आसपासच्या गावांतली. बाहेरची अशी एकटी सार्जंट इनेस बार्रिओस. चौतीस वर्षांची, शिकागोत दहाव्या मजल्यावर वाढलेली, घरी एक मुलगी आणि मुलीला सांभाळणारी आई. पुढे समुद्रापार खऱ्या खुर्चीवर बसायचं होतं ते तिला, म्हणून तिला पाठवलं होतं. तिचं प्रशिक्षण अजून पंधरा दिवसांचं बाकी होतं, पण आलीच आहे तर बसू दे चाचणीला, असं ठरलं.

निकाल फारच चांगला लागला. आकडे मला माहीत नाहीत. पण ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत शुक्रवारी मांस खात नाहीत म्हणून चर्चच्या हॉलमध्ये मासे तळतात, तिथे त्या संध्याकाळी गोदामातली मंडळी ज्या थाटात बसली होती त्यावरून कुणालाही कळलं असतं. मशीनला आपण पकडलं, असा सगळ्यांचा चेहरा.

इनेस ताट घेऊन आमच्या टेबलाशी आली. गेटवरचा रॉन सरकून जागा देत म्हणाला, "या, सार्जंट. तुम्ही तर नॉर्बचं अख्खं शेत उडवलंत म्हणे."

"अख्खं नाही," इनेस म्हणाली. "त्याचं घर सोडलं. घर मला ओळखू येतं."

सगळे हसले. रॉन म्हणाला, "शिकागोत मका कुठून येतो, ठाऊक आहे का?"

"डब्यातून."

"आणि टर्की?"

"टर्की नोव्हेंबरातून. सणाच्या ताटातून."

नॉर्ब इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. इनेसही हसत होती, पण तिने मासा अर्धा ठेवला. रोझान समोरच होती. तिने आपल्या ताटातला पर्सिमन या मऊ केशरी फळाच्या पुडिंगचा तुकडा इनेसकडे सरकवला आणि म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. तुमचं प्रशिक्षण व्हायचंय अजून. तुमचा निकाल आम्ही धरणार नाही."

"धन्यवाद, मॅडम," इनेस म्हणाली.

आणि तो धरला नाहीच. सोमवारी रोझानने एका कागदावर ‘प्रशिक्षण अपूर्ण’ असं कारण लिहून इनेसचा निकाल गाळला. त्या कागदावर तिची सही आहे.

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर रोझान मला नॉर्बकडे जेवायला घेऊन निघाली. इनेस मोटेलात एकटी असते म्हणून तिलाही घेतलं. ती पुढे बसली, मी मागे. नॉर्बच्या फाटकातून आत वळलो तोच इनेस म्हणाली, "मॅडम, जरा थांबता?"

रोझानने गाडी थांबवली. इनेस काचेतून अंगणातल्या ऑगरकडे बघत होती.

"हेच ते. हे काय आहे?"

"ऑगर. मका चढवायचा."

"हे रोज इथंच असतं? मुलं याच्या खालून खेळत जातात?"

"नॉर्बची नातवंडं त्याला लोंबकळतात, आणि नॉर्ब ओरडतो," मी मागून म्हटलं.

इनेसने काच खाली केली. मग म्हणाली, "एक सांगू का, मॅडम? राग नाही ना येणार? त्या दिवशी सगळे मला हसले. रॉन तर आपण किती वेळात ‘थांब’ दाबलं याची फुशारकी मारत होता. पण रॉनने काही पाहिलं नव्हतं. त्याने ओळखलं होतं. त्याच्या बापाच्या अंगणात हेच उभं होतं. मी मात्र खरंच पाहिलं. नीट पाहिलं. आणि मला तो रॉकेटचा गाडा वाटला."

रोझानने इंजिन बंद केलं. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"मी जाणार आहे तिथे ऑगर असतात का, मॅडम?"

"माहीत नाही," रोझान म्हणाली.

"मग काय असतं?"

"माहीत नाही, इनेस."

नॉर्ब दारात येऊन हातवारे करत होता, आत या, डुकराचं मांस गार होतंय. आम्ही आत गेलो. रोझान त्या दिवशी जेवली, बोलली, भांडी पुसली. पण मी तिला बारा वर्षांची असल्यापासून ओळखते. टेबलाशी येऊन उभी राहिली होती तेव्हा तिचा चेहरा असाच होता.

सोमवारी ती डेलच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "इनेसचा निकाल परत धरायचा."

डेलने खुर्ची पुढे केली. हे सगळं मला दोघांनीही सांगितलं आहे आणि दोघांचं सांगणं सारखंच आहे, यावरून ते खरं असावं.

"परत धरला तर काय होईल?" डेलने विचारलं.

"चाचणी नापास होईल."

"एका बाईमुळे?"

"एकही माणूस नापास चालत नाही, डेल. आणि खरी चाचणी तिचीच झाली. बाकी सगळे घरच्या वस्तू ओळखत बसले होते. चूक माझी आहे. चित्रं मी निवडली."

"चित्रं मी सुचवली," डेल म्हणाला. तो तसा सरळ माणूस आहे. "ठीक आहे. तुझी हरकत मी नोंदवतो."

आणि त्याने नोंदवली. त्यांच्याकडे पद्धत अशी की हरकत आली की तिच्यापुढे उपाय लिहायचा, उपाय झाला की हरकत बंद. हरकत अशी लिहिली गेली: एका चाचणीदाराला चित्रांतल्या वस्तू परिचयाच्या नव्हत्या. तिच्यापुढे उपाय लिहिला गेला: चाचणीदाराला त्या वस्तूंचा परिचय करून देणे.

त्याप्रमाणे इनेस चार दिवस नॉर्बच्या शेतावर राहिली. नॉर्बने तिला ऑगर चालवायला शिकवला. टर्कीच्या शेडमध्ये नेलं, तेव्हा सहा हजार टर्की एकदम तिच्याकडे वळून बघायला लागल्या आणि ती दाराशीच थबकली. "कवायत चांगली आहे यांची," म्हणाली. रात्री जेवणावर नॉर्बने तिला युकर हा पत्त्यांचा डाव शिकवला आणि तिसऱ्या दिवशी ती त्याला हरवू लागली. नॉर्बची बायको मला म्हणाली, "बाई, ही पोरगी इथेच ठेवून घ्यावीशी वाटते."

पाचव्या दिवशी इनेस पुन्हा खुर्चीवर बसली. एकाही चित्रात चुकली नाही.

हरकत बंद झाली. दाखला रोझानच्या स्क्रीनवर आला, सहीसाठी दहा दिवसांची मुदत.

त्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी कामावरून परस्पर माझ्याकडे यायची. कोट काढायची नाही. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायची आणि मी बटाटे सोलत असले तर दुसरी सुरी घेऊन सोलायला लागायची.

"सही करू नकोस," मी पहिल्या दिवशीच म्हटलं. सांगणाऱ्याचं काय जातं.

"दहा दिवसांत सही केली नाही तर संमती धरतात, बाई. लोक फाइली दाबून बसायचे, म्हणून तो नियम केला."

"मग नाही म्हणून लिही."

"नाही म्हणायला हरकत लागते. हरकत तीच असेल तर पुन्हा घेत नाहीत. ती बंद झाली आहे. उपाय झाला आहे, आणि उपाय यशस्वी झाला आहे." तिने बटाट्याचा डोळा कोरून काढला. "तिला शिकवलं, आणि तिला आलं. यात खोटं काय आहे, सांगा. मला ते लिहिताच येत नाही. वाक्य सुरू केलं की वाटतं, कुणी वाचलं तर म्हणेल, या बाईला हवं तरी काय?"

"तुला काय हवंय?"

"तिथली चित्रं. तिथे माणसं मका कशात ठेवतात, लग्नाचा मांडव वरून कसा दिसतो, पाणी कशातून आणतात. मका तरी पिकवतात का, तेही मला ठाऊक नाही." तिने परमुलखातल्या चित्रांसाठी अर्ज त्याच आठवड्यात टाकला होता. तिन्ही ऑफिसांकडून पोच आली होती. इनेसची नेमणूक मात्र सहा महिन्यांची होती, एप्रिलपासून.

सहाव्या दिवशी डेल माझ्याकडे आला. दुपारची वेळ होती. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला, शाळेत उशिरा आल्यावर उभा राहायचा तसा.

"बाई, तुम्ही तिला समजवा."

"काय समजवू?"

"बसू का?" तो बसला. मी कॉफी दिली, तो ती ढवळत राहिला. "बाई, ती म्हणते ते मला कळतं. मी काही दगड नाही. पण हे बघा. आमच्यासारखीच दुसरी एक यंत्रणा तयार होऊन बसलेली आहे, दुसरीकडे. तिच्यातही खुर्ची आहे, तिच्यातही माणूस आहे, म्हणजे नियम पाळला. फक्त तिच्यात मशीन माणसाच्या ‘हो’ची वाट पाहत नाही. ठरलेल्या वेळात तो ‘थांब’ म्हणाला नाही तर पुढे जातं. आमची एप्रिलमध्ये गेली नाही तर ती जाईल. आमच्या यंत्रणेत निदान हात उचलून ‘हो’ दाबावं लागतं. ते कुणामुळे? रोझानमुळे. सहा वर्षं ती त्यासाठी भांडली. आता तिच्याच सहीवाचून ते बुडणार?"

"हे तिला सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, डेल, हे खरं आहे म्हणूनच मला झोप येत नाही."

मी त्याला आणखी कॉफी विचारली. तो नको म्हणाला. जाताना दारात वळून म्हणाला, "तुम्ही काय केलं असतं, बाई?"

पस्तीस वर्षं मी मुलांना सांगत आले, येत नसेल तर कोरं सोडा, पण उगाच लिहू नका. रोझानपुढे कोरं सोडायची सोयच नव्हती. कोरं सोडलं तरी ते ‘हो’ धरणार होते.

आठव्या दिवशी ती आली तेव्हा तिने कोट काढून खुंटीला लावला. मला वाटलं, काही मार्ग निघाला.

"एक जागा सापडली," ती म्हणाली. "संमतीखाली शेऱ्यासाठी चौकट आहे. चार-पाच ओळी मावतात. तो शेरा दाखल्याबरोबर जातो. जिथे यंत्रणा जाईल तिथपर्यंत जातो. खुर्चीवर बसणाऱ्याला तो वाचायला द्यावा लागतो."

"मग लिही की."

"ती चौकट सही केली तरच उघडते."

मी हातातलं काम ठेवलं.

"मुदत संपू दिली तर दाखला जाईल, शेऱ्याशिवाय," रोझान सांगत होती, अगदी सावकाश, कच्च्या मुलाला समजवावं तसं. "सही केली तर दाखला जाईल, शेऱ्यासकट. म्हणजे हे बरोबर नाही असं मला कुठे लिहायचं असेल, तर आधी हे बरोबर आहे असं लिहून द्यावं लागेल."

"ही पद्धत कुणी काढली?"

"कुणी नाही काढली, बाई. ज्याने चौकट केली त्याला वाटलं, जो नाही म्हणणार तो शेरा कशाला लिहील? तो हरकतच घेईल." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मलाही तेव्हा ते बरोबर वाटलं होतं. मी त्या बैठकीला होते."

तिने माझ्याकडे कागद मागितला. माझ्याकडे अजून रेघांच्या वह्या असतात. माझ्या टेबलाशी बसून तिने त्या चार ओळी सात-आठ वेळा लिहिल्या. एकदा त्यात ‘माझी चूक’ होतं, ते तिने खोडलं. कारण मग वाचणारा म्हणेल, चूक त्या बाईची होती, आपली नाही. एकदा ‘धोका’ होतं, तेही खोडलं. त्या शब्दाला त्यांच्याकडे वेगळा फॉर्म आहे. शेवटी उरलं ते असं: "चाचणीतली चित्रं इथल्या शेतावरची होती. इथल्या माणसांनी ती ओळखली, कारण ती त्यांच्या घरची होती. तुम्ही जिथे आहात तिथलं काही तुमच्या घरचं नाही. ओळखीचं वाटलं तरी ते ओळखीचं नाही, असं धरून पाहा."

मी ते दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी तिने सही केली. डेलने तिचे आभार मानले आणि ते मनापासून होते.

इनेस निघायच्या आधीच्या रविवारी नॉर्बकडे सगळे जमलो. नॉर्बच्या बायकोने इनेसच्या मुलीसाठी विणलेली टोपी दिली. नॉर्बने पत्त्यांचा जोड दिला आणि म्हणाला, "तिथे कुणाला युकर येत नसेल. दोन आठवडे तू फसवू शकशील, मग ते शिकतील." इनेसने त्याला मिठी मारली. एवढा मोठा माणूस गडबडून गेला आणि टर्कींना खाणं घालायचं राहिलंय म्हणत बाहेर पडला. त्या घराला लेकी नाहीत.

जेवण झाल्यावर इनेस, रोझान आणि मी मागच्या ओसरीवर बसलो. ऊन होतं पण वारा गार होता.

"तुमचा शेरा वाचला, मॅडम," इनेस म्हणाली. "मला वाचायला दिला. सही घेतली माझी, वाचला म्हणून."

"कळला का?"

"कळला. पण त्याचं करायचं काय, ते कळलं नाही. ओळखू आलं नाही तर काय करू?"

"‘थांब’ दाबा."

"किती वेळा?"

रोझानने कोटाचं वरचं बटण लावलं.

"नाही, कारण आम्हाला सांगितलंय," इनेस पुढे म्हणाली, "एका मर्यादेपेक्षा जास्त वेळा ‘थांब’ दाबणाऱ्याला खुर्चीवरून उठवतात. परत प्रशिक्षणाला पाठवतात. मर्यादा किती, ते सांगत नाहीत. तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे."

"सांगता येत नसेल."

"नाही."

"पुरेशी आहे का?"

रोझानने शेताकडे पाहिलं. नांगरट व्हायची होती, मागच्या वर्षीचे मक्याचे खुंट तसेच होते. "जितक्या वेळा ओळखणार नाही तितक्या वेळा दाबा," ती म्हणाली. "मोजू नका."

"मग मला पंधरा दिवसांत उठवतील, मॅडम."

"उठवतील."

"आणि माझ्या जागी येईल त्याचं काय?"

"तो इथूनच जाईल," रोझान म्हणाली. "रॉनने नाव दिलंय. माझ्या चाचणीत पहिला आलाय तो, न पाहता."

इनेसने टोपी मांडीवर उलटी केली, सुलटी केली. मग ती म्हणाली, "मी स्वतःला उठवू द्यायचं नाही, म्हणजे." आणि विचारल्यासारखं नाही, स्वतःशीच हिशेब लावल्यासारखं म्हणाली, "म्हणजे मला काही वेळा ‘हो’ दाबावं लागेल."

रोझान उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. मोटेलात सोडायची वेळ होईपर्यंत त्या दोघी तशाच बसून होत्या. मी आत जाऊन नॉर्बच्या बायकोला भांडी पुसू लागले.